टाच झाली की सांग

भावजींनी पिशवीतून एक मोजा काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "याचा जोडीदार करून देशील?"

"ठेवा. बघते," मी म्हणाले.

गिऱ्हाइकाला म्हणावं तसं म्हणाले. समोरचा माणूस माझ्या बहिणीचा नवरा होता, मोजा माझ्या बहिणीने विणलेला होता, आणि तिला जाऊन जेमतेम महिना होत होता. माझ्यात काहीतरी हलायला हवं होतं. हललं नाही. मी मोजा उलटा केला आणि धाग्यांची टोकं आत नीट ओवली आहेत का ते बघितलं. ओवली नव्हती. ताई कधीच ओवायची नाही, लोंबती सोडायची आणि ते काम माझ्यावर ढकलायची. मला जरा राग आला. त्या महिन्यात मला जे काही वाटलं त्यात सांगण्याजोगं तेवढंच.

मी विणकामाचे नमुने बनवते. टोप्या, स्वेटर, मोजे. सपाट काम मला आवडत नाही. माझ्या कापडावरून बोट फिरवलं की बोटाला काहीतरी लागलं पाहिजे, दाणा, पन्हळ, वेणी, खाच, काहीही. रंगाचं मला फार कौतुक नाही. एकच रंग घ्यायचा, करडा नाहीतर विटकरी, आणि सुलट-उलट टाक्यांच्या चढउतारातून काय उभं राहतं ते बघायचं. चौकटीच्या कागदावर मी नमुना मांडते, लोकरीची गिरणी त्याचं पत्रक छापते, आणि ते लोकरीबरोबर दुकानांत जातं.

पूर्वी कुठलीही वस्तू बघितली की मला तिच्यात वीण दिसायची. जिन्याची जाळी, टायरची नक्षी, गटाराचं झाकण. एकदा ताई आणि मी बसची वाट बघत होतो. बस आली, दार उघडलं, आणि मला तिच्या पायरीवरचा लोखंडी पत्रा दिसला. पाय घसरू नये म्हणून त्यावर उंच दाणे असतात, एक उजवीकडे कललेला, एक डावीकडे. मी वाकून बघत राहिले आणि बस निघून गेली. ताई चढली होती. ती पुढच्या स्टॉपवर उतरून चालत परत आली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हिला मुलगा दाखवायला आणला होता, तर ही त्याच्या स्वेटरची वीण बघत बसली. म्हणून राहिली बिनलग्नाची."

खोटं आहे ते. स्वेटर होता, पण मी त्याच्या चेहऱ्याकडेही बघितलं होतं. स्वेटर बरा होता.

त्या पत्र्यावरून मी जो नमुना केला त्याचं नाव 'पायरी'. एक टोपी, एक स्वेटर, एक मोज्यांची जोडी. दोन टाके एकमेकांवरून ओलांडायचे, एका ओळीत उजवीकडे, पुढच्या खेपेला डावीकडे, म्हणजे तिरपे दाणे उठतात. टोपी आणि स्वेटर गिरणीकडे गेले, त्यांचे फोटोही झाले. मोजा राहिला होता. मोज्याचा फोटो एकाच पायाचा काढतात, त्यामुळे गिरणीला एकच पाठवायचा असतो. दुसरा ताई मग सवडीने घरी विणायची आणि जोडी भावजींना मिळायची. भावजींचे पाय बारा महिने गार असतात. माझा प्रत्येक मोजा त्यांच्या मापाचा आहे. दुकानातून पत्रक नेणाऱ्या बायकांना हे ठाऊक नाही, पण त्यांच्या घरातले पुरुष आमच्या भावजींच्या मापाचे मोजे घालतात.

आमची कामाची पद्धत अशी होती. नमुना मी काढायची आणि आधी मीच विणून बघायची. मग तोच ताई विणायची. माझा हात घट्ट, तिचा सैल. माझा मोजा आवळ, तिचा ऐसपैस. माझा मी माप घेऊन उसवून टाकायची. दोघींच्या मोज्यांमध्ये जे माप यायचं ते पत्रकात जायचं, कारण मी म्हणायची, जगातल्या सगळ्या बायका आपल्या दोघींच्या मध्ये कुठेतरी बसतात. ताई म्हणायची, "तुझ्या पलीकडे एकही नसेल गं. असली तर तुरुंगात असेल."

ती मला मास्तरीणबाई म्हणायची. मी तिच्या कामातल्या चुका काढायची म्हणून. तोंड तर तिचं सतत चालू. उचलली जीभ लावली टाळ्याला. किल्लीवाला काय म्हणाला, वरच्या मजल्यावरचीचं कुणाशी वाजलं, औषधवाल्याने सुट्टे नाहीत म्हणून कशा गोळ्या दिल्या. नमनालाच घडाभर तेल. तिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. कुणाचं गुपित तिला कळलं की दुपारपर्यंत ते माझ्या टेबलावर हजर. मी नुसती "हो का, हो का" करायची आणि टाके मोजायची. दोन्ही एकदम होत नाही. निदान माझ्याकडून तरी.

ताई गेली ती बसच्या स्टॉपवर. हृदय. बाकावर बसली ती उठलीच नाही. मांडीवर पिशवी, पिशवीत पुरा झालेला मोजा आणि उरलेल्या लोकरीचा गुंडा. माझ्याकडेच निघाली होती.

लोक भेटायला आले, मी पाणी दिलं, खुर्च्या मांडल्या, खुर्च्या उचलल्या. एक बाई दाराशी दुसरीला हळूच म्हणाली, "दगड आहे नुसती." मला ते काही लागलं नाही, पण पटलंही नाही. दगडाला खरखर तरी असते. माझं सगळं गुळगुळीत झालं होतं. भिंत बघितली की भिंत दिसायची, टायर बघितला की टायर. गिरणीवाल्यांचा फोन आला, पुढच्या हंगामासाठी काही सुचतंय का. मी म्हणाले, नाही. ते म्हणाले, हळूहळू सुचेल. मी बरं म्हणून फोन ठेवला आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिले. दुःख होतं असंही नाही. पाय आखडल्यावर आपलाच पाय दुसऱ्या कुणाचा वाटतो ना, मी तशी सगळीच.

तर मोजा.

"एवढी घाई नाही," भावजी म्हणाले होते. "मी आलटून पालटून घालतो."

"म्हणजे?"

"एक दिवस या पायात, एक दिवस त्या पायात."

मी त्यांच्या पायांकडे बघितलं. ते हसले नव्हते. भावजींचं आयुष्य छापखान्यात मशीनवर गेलं, त्यामुळे ऐकू कमी येतं. माणूस मोजकंच बोलतो, पण सरळ बोलतो. गंमत म्हणून ते हे सांगत नव्हते.

मोज्याबरोबर त्यांनी आणलेल्या गुंड्याला हात लावला आणि अंदाज आला. एका मोज्यापुरती लोकर होती, वर वीतभर. हा रंग गिरणीने बंद केला होता. म्हणजे जे काही करायचं ते एवढ्यातच. आणि लोकर पुन्हापुन्हा उसवली की पिंजल्यासारखी होते, तिच्यातला पीळ जातो, मग दाणे उठत नाहीत, नुसती लव उभी राहते. फार तर तीनदा उसवता आली असती. त्यातही जुळला नाही, तर भावजींनी जन्मभर एक पाय गरम आणि एक पाय गार असं राहायचं. मला वाईट वाटलं नाही, पण हे मला कळत होतं. त्या दिवसांत तेवढं पुष्कळ होतं.

मी ताईच्याच पाच सुया घेतल्या, टाके घातले आणि विणायला लागले. नमुना माझाच, कागद बघायचीही गरज नव्हती. पोटरीचा भाग झाल्यावर मापाला लावला. माझा हात माझाच निघाला. तिच्या मोज्यात माझा मोजा आरामात शिरला असता. तिचे दाणे टपोरे, माझे बारीक आणि कडक, लिहिताना पेन्सिल फार दाबावी तसे.

उसवलं.

मग जाड सुया घेतल्या. शिकाऊ बाईसुद्धा हेच करेल: हात घट्ट तर सुई जाड. माप बरोबर आलं, पण दाण्यांच्या मध्ये भोकं दिसायला लागली. दाणे तसेच आवळलेले, आणि भोवती जाळी. गरम मोजा हवा होता, चाळणी नको होती.

उसवलं. लोकरीवर लव यायला लागली होती.

मग मी ती गोष्ट केली जी मला आधीच करायला हवी होती. ताईचा मोजा खिडकीपाशी नेला, आत मूठ घालून ताणला आणि नीट बघितला. एकसारखा सैल नव्हता तो. काही ओळी सैल, काही त्याहून सैल, मध्येच एखादी बेताची. सगळ्या मोज्यात एकच जागा घट्ट होती: टाच. टाचेची पट्टी माझ्या हातची वाटावी इतकी घट्ट आणि सरळ.

टाच घट्ट का, ते मला माहीत होतं. ती टाच तिने माझ्या खोलीत विणली होती. टाचेला एक टाका विणायचा आणि एक न विणता नुसता उचलायचा, म्हणजे ती जाड होते आणि लवकर झिजत नाही. मग टाच वळवताना मोजावं लागतं, नाहीतर ती एका बाजूला फिरते. ताई मान वर करून मला काहीतरी सांगायला लागली होती, "अगं, एक गंमत सांगायचीय तुला," आणि तिच्या गमतींना अंत नसतो. मी म्हणाले, "गप्प बस. मान खाली घाल. टाच आहे. टाच झाली की सांग."

"बरं, मास्तरीणबाई," ती म्हणाली आणि खरंच गप्प बसली. टाच झाली तेव्हा मी गिरणीवाल्यांशी फोनवर बोलत होते. तिची बसची वेळ झाली, तिने मोजा पिशवीत घातला आणि हात हलवून गेली.

माझं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. टाचेला गप्पच बसावं लागतं. कुणालाही विचारा.

पण त्यावरून एवढं कळलं की बोलली की तिचा हात सैल सुटायचा. मग मला बोलत बोलत विणायला हवं होतं. झालं. मी टाके घातले आणि खोलीत एकटीने बोलायला सुरुवात केली. "आज हवा बरी आहे," मी म्हणाले. मग काही सुचलं नाही. रेडिओ लावला, रेडिओ बोलत राहिला आणि मी मान घालून विणत राहिले, घट्ट. लोकरीच्या दुकानातल्या बाईला फोन केला आणि फोन खांद्यावर धरून विणलं. खांदा वर, हात वर, टाके आणखीच आवळ. ती बिचारी विचारत होती, "काय हवं होतं, ताई?" मी म्हणाले, काही नाही. फोन ठेवल्यावर तिला माझी काळजी वाटली असणार.

ते विणलेलं चार ओळींतच थांबवलं. उसवलं, पण ते मी उसवण्यात धरत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावजी चौकशीला आले. टेबलावरचा ताईचा मोजा उचलून त्यांनी पायात घातला, त्या दिवशी डाव्या.

"बसा समोर," मी म्हणाले. "मला बोलायचंय."

ते घाबरले. "काय झालं?"

"काही झालं नाही. मोज्यासाठी बोलायचंय. मी बोलणार आणि विणणार. तुम्ही ऐका."

"बरं," ते म्हणाले, खुर्ची ओढून समोर बसले आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

मी सुया हातात घेतल्या आणि मान खाली घालून म्हणाले, "काल दुकानातल्या बाईला फोन केला होता."

मी वर बघितलं. ते तसेच माझ्याकडे बघत होते.

"तू खाली बघून बोलतेस," ते म्हणाले. "मला कळत नाही. ओठ दिसायला हवेत."

मी हातातलं काम खाली ठेवलं.

आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत होतं. भावजींशी बोलायचं तर तोंड समोर करून बोलायचं. पण मी त्यांच्याशी बोलायची ती चार शब्द, जाता-येता. ताई त्यांच्याशी दिवसभर बोलायची, आणि हातात सुया असायच्याच. म्हणजे त्यांचे कान गेल्यापासून ती मान वर करून विणत होती. टाक्यांकडे न बघता, बोटांच्या अंदाजाने, नवऱ्याला आपले ओठ दिसावेत म्हणून. माझ्या खोलीत आली तरी तीच सवय. आणि मी तिला इतकी वर्षं सांगत होते, तुझा हात सैल आहे.

"काय झालं?" भावजींनी पुन्हा विचारलं.

"काही नाही. बोला तुम्ही," मी म्हणाले, आणि मान वर करून विणायला लागले.

सोपं नव्हतं. पहिल्यांदा टाके सुईवरून निसटले, ओलांडायचे दाणे चुकले, मला दरदरून घाम आला. त्यात बोलायला विषय नाही. ताईसारखं काहीतरी बोलावं म्हणून मी आठवायला लागले. ती काय बोलायची? किल्लीवाल्याचं काहीतरी होतं. किल्लीवाला आणि त्याचं दार. इतकंच आठवलं. एवढी वर्षं ती माझ्यासमोर बसून बोलली आणि माझ्यापाशी त्यातलं एक वाक्य धड शिल्लक नव्हतं. पालथ्या घड्यावर पाणी. कान दोन्ही शाबूत, आणि आत काही नाही.

"त्या किल्लीवाल्याचं काय झालं होतं हो?" मी विचारलं.

भावजींचा चेहरा उजळला. "कुठलं? तो स्वतःच बाहेर अडकला ते?"

"असेल. तेच."

"तो किल्ली घरात विसरला. दार लागलं. आता हा सगळ्या वस्तीची कुलपं उघडणारा. हत्यारं पण आत. दुसऱ्या किल्लीवाल्याला बोलवायचं तर नाक कापलं जाणार."

"मग?"

"मग बायको माहेराहून येईपर्यंत हा दुकानात राहिला. लोकांना सांगायचा, काम फार आहे."

"आणि बायकोकडे किल्ली होती?"

"नव्हती ना! तिची किल्ली हरवून वर्ष झालं होतं. हाच रोज म्हणायचा, करून देतो, करून देतो."

मी हसले नाही, पण माझी मान वर होती आणि हात चालू होता. "असं कसं होईल," मी म्हणाले. "खिडकी नव्हती घराला?"

"हेच हिने विचारलं होतं त्याला!" भावजी म्हणाले. "शब्दाला शब्द."

मग त्यांना किती आठवत होतं ते बाहेर यायला लागलं. वरच्या मजल्यावरचीचं कपडे धुण्याचं मशीन थरथरत चालत जायचं आणि एकदा ते न्हाणीघराच्या दाराला जाऊन टेकलं, ती आत अडकली. औषधवाल्याने सुट्ट्यांऐवजी दिलेल्या खोकल्याच्या गोळ्या ताईने साठवल्या, आणि मग त्याच डबाभर गोळ्या देऊन त्याच्याकडूनच मलम आणलं. ज्याला धड ऐकू येत नाही त्या माणसाने हे सगळं टिपून ठेवलं होतं. नजर हलवायची सोयच नव्हती ना त्यांना. मी प्रश्न विचारायची, हरकत घ्यायची, कधी नुसतीच वाद घालायची. ते माझ्या ओठांकडे बघून "हं" म्हणायचे. हा "हं" मी ताईकडे गेले की ऐकायची. मला वाटायचं बिचाऱ्यांना काही कळत नाही, म्हणून हं हं करतात.

ते येत राहिले. दुपारी यायचे, संध्याकाळी जायचे. पोटरीचा भाग झाला. मी तो ताईच्या मोज्याला लावून बघितला नाही. बघितलं असतं तर हात पुन्हा आवळला असता. टाचेपाशी आलो तेव्हा भावजींच्या गोष्टीतलं मशीन पुन्हा चालायला लागलं होतं, या खेपेला जिन्याकडे, आणि मी "थांबा, टाच आहे" म्हणायचं विसरले. टाच बोलता बोलता झाली. एक टाका इकडे तिकडे झाला असेल. माझ्या हातून असं कधी होत नाही. नंतर लक्षात आलं तेव्हा उसवायची सोय नव्हती, लोकर पार मऊ पडली होती. राहू दिलं.

बरं वाटत होतं असं मी म्हणणार नाही. ते गेले की खोली पुन्हा गुळगुळीत व्हायची. मी भांडी घासायची, दिवा बंद करायची, झोपायची. फक्त दुपारची वाट बघायची, एवढा फरक.

मोजा पुरा झाला तेव्हा चार बोटं लोकर उरली होती. मी दोन्ही मोज्यांची लोंबती टोकं आत ओवली, दोन्ही कोमट पाण्यात भिजवले, पंच्यात दाबून पाणी काढलं आणि शेजारी शेजारी सपाट वाळत घातले. विणलेल्या कामाचे हे शेवटचे लाड. भिजलं की टाके आपापल्या जागी बसतात.

सकाळी वाळले. मी उचलले, एकावर एक ठेवले. टोकाला टोक, काठाला काठ. दाणे सारखे टपोरे. मी खूश व्हायला हवं होतं. भावजी आले तेव्हा मी दोन्ही त्यांच्या हातात दिले.

त्यांनी उलटेपालटे करून बघितले. "वा," ते म्हणाले. आणि मग, "हिचा कुठला?"

मी हात पुढे केला, आणि हात तसाच राहिला.

मला सांगता येईना. टोकं मीच ओवली होती, ती खूण गेली. भिजवून लव बसली होती, ती खूण गेली. मी खिडकीपाशी गेले, दोन्हींत मुठी घालून ताणले. सैल ओळी इथेही, तिथेही. दिवसचे दिवस खपून मी माझ्या बहिणीचा हात असा काही उतरवला होता की बहिणीचाच हात हरवून बसले. तिच्या हातचं शेवटचं काम या दोनांतलं एक होतं आणि ते मला ओळखू येत नव्हतं. मला भीती वाटली. किती दिवसांनी काहीतरी वाटलं, आणि ते हे. मी मोजे टेबलावर टाकले, पुन्हा उचलले.

"असू दे," भावजी माझा चेहरा बघून म्हणाले. "असू दे गं. दोन्ही तिचेच."

"असू दे काय! असं कसं असू दे!" मी ओरडले. त्यांना तेही ओठांवरूनच कळलं असेल.

मग मी डोळे मिटले. डोळ्यांनी काही होत नाही म्हटल्यावर माझ्यासारखीने दुसरं काय करायचं. अंगठा काठावरून खाली आणला, दाण्यादाण्यावरून. उजवा, डावा, उजवा, डावा. एका मोज्याची टाच मऊ लागली. दुसऱ्याची कडक, सरळ, आवळलेली.

"हा," मी म्हणाले. "हा ताईचा. टाच घट्ट आहे. इथे मी तिला गप्प बसवलं होतं."

भावजींनी तो मोजा घेतला आणि त्या टाचेवर बोट ठेवलं.

"ती मला काहीतरी गंमत सांगत होती," मी म्हणाले. "मी म्हटलं, टाच झाली की सांग. मग राहूनच गेलं. तुम्हाला सांगितलं असेल ना तिने? काय होतं ते?"

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं त्यांना कळलं नाही, म्हणून मी पुन्हा विचारलं.

"नाही सांगितलं," ते म्हणाले. "मी विचारलं होतं. घरी आली ती हसतच आली. म्हणाली, आधी मास्तरीणबाईला सांगणार, मग तुम्हाला. मोजा द्यायला जाईन तेव्हा सांगते म्हणाली."

"आणि मग?"

"मग मोजा द्यायला निघाली."

जिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही, तिने एवढी एक गोष्ट नवऱ्यालाही न सांगता माझ्यासाठी जपली होती आणि ती घेऊन बसच्या बाकावर बसली होती. औषधवाल्याची असेल, किल्लीवाल्याची असेल. फार मोठी नसणारच. तिच्या गमती कधीच मोठ्या नसायच्या. पण ती आता कुणापाशीच नव्हती. भावजींपाशीसुद्धा नाही.

मला तेव्हा रडू आलं. चांगलं रडू नाही, खरखरत येतं तसं, नाकातोंडातून. मग भावजींनी चपला काढल्या आणि दोन्ही मोजे पायांत घातले. आधी माझा, मग तिचा.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि ती घट्ट टाच हातात धरली. पाय गारच होता.

"ताई, टाच झाली," मी म्हणाले. "सांग आता."

माझी मान वर होती, त्यामुळे भावजींना ते दिसलं.

"हं," ते म्हणाले.